आशीर्वादाआधी दोन सूचना

कॅथलिक मिस्सेत सूचना कधी वाचायच्या हे रोमनं ठरवून दिलेलं आहे. ख्रिस्तप्रसाद वाटून होतो, त्यानंतरची प्रार्थना होते, मग सूचना आणि सूचनांनंतर शेवटचा आशीर्वाद. हा क्रम ज्यानं लावला त्याला खेड्यातला माणूस चांगलाच ठाऊक असणार. आशीर्वाद आधी आणि सूचना नंतर असत्या, तर त्या ऐकायला वेदीवरची दोन पोरं, गायकवृंदातला कीबोर्डवाला आणि तिसऱ्या बाकावर डोळा लागलेले एक आजोबा एवढेच उरले असते. आशीर्वाद न घेता घरी गेलं तर रविवार पदरात पडत नाही, म्हणून माणूस थांबतो. थांबलाच आहे, तर ऐकतो.

आणि काय जीव लावून ऐकतो! पोप फ्रान्सिस यांनी जून २०२४ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं, की प्रवचन आठ मिनिटांच्या वर जाऊ नये, त्यापुढे लोकांचं लक्ष उडतं आणि ते झोपतात. पोपमहोदयांचं एकूण एक पत्र आमच्याकडे वाचून दाखवलं जातं. हे एवढं वाक्य मात्र कुठल्या टपालात अडकलं ते कळत नाही. पण प्रवचनात मिटलेले डोळे ‘आता काही सूचना’ या तीन शब्दांनी उघडतात. आज्या लुगड्याचा पदर कानामागे घेतात. लेकरांना गप्प केलं जातं. शुभवर्तमानाला होत नाही एवढी शांतता खुर्च्यांच्या सूचनेला होते.

खुर्च्यांची सूचना अशी असते: ‘धर्मग्रामाच्या हॉलमधल्या पंचवीस खुर्च्या ज्यांनी घरच्या कार्यासाठी नेल्या आहेत, त्यांनी कृपया लवकरात लवकर परत कराव्यात.’ फादर नाव घेत नाहीत. ख्रिस्ती दया आडवी येते. पण वाक्य पुरं व्हायच्या आत तीनशे माना एकाच बाकाकडे वळतात आणि त्या बाकावरचा गृहस्थ अत्यंत भक्तिभावानं छताकडे बघू लागतो. नाव घेतलं असतं तर तो चिडला असता, माइकवर हक्कानं भांडला असता. माना वळल्यावर कुणाशी भांडणार?

वसई रोड स्टेशनाकडे पाठ करून समुद्राच्या दिशेनं निघालं की नाळे, वाघोली, गास, भुईगाव, निर्मळ, नंदाखाल अशी गावं लागतात. केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या, विहिरी, आळ्या, दर आळीच्या तोंडाशी एक क्रूस आणि या सगळ्यांच्या वर डोकं काढून उभं असलेलं पांढरं देऊळ. चर्चला आमच्याकडे देऊळच म्हणतात. यांतलं आमचं गाव कुठलं ते सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या रविवारी सूचनेत येईल. १५३४ च्या तहानं वसई पोर्तुगिजांकडे गेली. पुढे त्यांच्याकडून आम्ही धर्म घेतला, आडनावं घेतली. चौकशी मात्र आमची मूळची. धर्मग्राम श्रद्धेवर चालतो असं धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवतात, आणि शिकवायलाही तेच हवं. प्रत्यक्षात तो चौकशीवर चालतो, असं माझं मत आहे. श्रद्धा आठवड्यातून एकदा तासभर. चौकशीला सुट्टी नाही.

लग्नाच्या पुकाराचंच बघा. अमुक आळीचा अमुक आणि तमुक गावची तमुक यांचा विवाह ठरला असून कुणाला काही अडथळा ठाऊक असल्यास फादरांना कळवावं, असं देवळात वाचलं जातं. ही प्रथा १२१५ च्या लॅटरन परिषदेनं सगळ्या ख्रिस्ती जगाला लावून दिली. त्या काळी लपूनछपून लग्नं होत, एक बायको इथे आणि दुसरी पलीकडच्या गावात असे प्रकार असत, ते थांबावेत हा हेतू. आठशे वर्षांनंतर आमच्याकडे तिचा उपयोग एवढाच, की गावाला चौकशी करण्याचा अधिकृत परवाना मिळतो. अडथळा कुणी सांगायला जात नाही. बाकी सगळं सांगतात. मुलीच्या मामानं वाडी कुणाला विकली, मुलगा दुबईत नेमका काय करतो, आधी कुठे बोलणी चालली होती आणि कुणामुळे मोडली. पुकार संपेपर्यंत दोन्हीकडची तीन पिढ्यांची माहिती गावात फिरून येते. फादरांच्या वहीत फक्त जन्मतारीख आणि बाप्तिस्म्याचा दाखला.

त्यातही आमच्याकडे आडनावं मोजकी. लोपीस, डाबरे, रॉड्रिग्ज, तुस्कानो, डिमेलो, ब्रिटो यांत निम्मा तालुका आटोपतो. नावं संतांची आणि संतही ठरलेले. परिणामी एकाच नावाआडनावाचे तिघे-चौघे एका आळीत सहज निघतात. मिस्सेच्या सुरुवातीला ही मिस्सा कुणाच्या आत्म्याच्या शांतीसाठी आहे ते वाचतात, तेव्हा त्याच नावाचे दोन हयात गृहस्थ एकमेकांकडे बघून खात्री करून घेतात. म्हणून गावानं स्वतःची पद्धत काढली आहे. कुणी विहिरीवाला, कुणी दूधवाला, कुणी मुंबईवाला. मुंबईवाल्याच्या आजोबांनी मुंबई सोडूनही साठ वर्षं झाली, पण ते नाव नातवाला चिकटलंय आणि पणतवालाही चिकटेल. मतदार यादीत चूक सापडेल, या यादीत नाही.

प्रत्येक देवळात एक वर्ग बाहेरून मिस्सा ऐकणारा असतो. हे लोक नास्तिक नव्हेत. मिस्सा चुकवली तर त्यांना दिवसभर चैन पडत नाही. फक्त आत येत नाहीत. आंब्याखाली मोटारसायकलच्या सीटवर बसून ते शेतीचे, क्रिकेटचे आणि महानगरपालिकेचे प्रश्न हळू आवाजात सोडवतात. घंटी वाजली की उभे राहतात, गुडघा टेकायच्या वेळी गुडघा टेकल्याचा भास होईल इतपत वाकतात. एका फादरांनी त्यांच्यासाठी बाहेर कर्णा लावला. तेव्हा ते पलीकडच्या चिंचेखाली गेले. मग तिथे बाक ठेवले, तर त्यांवर आज्या येऊन बसल्या. (हे मी ऐकीव सांगतो. मी आतच असतो. खांबाआड.)

आता क्यूआर कोड आलाय. दानाची थैली बाकाबाकातून फिरे तेव्हा मुठीत काय आहे ते देव आणि शेजारी एवढ्यांनाच कळत असे; फाटक्या दहाच्या नोटेला तर जगात तेवढा एकच दरवाजा उघडा होता. आमच्याकडे प्रवेशद्वारापाशी कोडाची पाटी लागली आणि तिच्याबरोबर तो बोलका डबाही आला. ऐन ख्रिस्तशरीर उंचावण्याच्या क्षणी, सगळे माना खाली घालून असताना, मागून खणखणीत आवाज आला, ‘दस रुपये प्राप्त हुए.’ पुढच्या बैठकीत डबा बंद करावा असा ठराव आला. त्याला एका सभासदानं कडाडून विरोध केला. तो दर रविवारी पाचशे देतो. शेवटी डबा ऑफिसात हलवला. पाचशे रुपये अजून येतात की नाही ते ऑफिसातल्या बाईंना ठाऊक, म्हणजे सगळ्यांना ठाऊक.

कोविडच्या काळात मिस्सेचं थेट प्रक्षेपण सुरू झालं, ते बंद करायचं कुणाच्या मनात आलं नाही. नियमानं पाहिलं तर धडधाकट माणसाचं रविवारचं कर्तव्य स्क्रीनसमोर बसून पुरं होत नाही. पण आमच्या गावची निम्मी तरुण पिढी आखातात आणि कॅनडात. वसईत रविवारी सकाळी सातची मिस्सा लागते तेव्हा उन्हाळ्यात टोरोंटोत शनिवारचे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. जेवणं झालेली, भांडी घासलेली, बर्फ नाही, टीव्हीवर काही नाही. शेजारच्या काकींची नणंद तिथे टीव्हीला फोन जोडून मिस्सेला बसते, आणि आशीर्वाद होताच इकडे फोन लावते. ‘डाव्या बाजूला हिरवी साडी कुणाची होती गं? दुसरं वाचन त्या पोरीनं किती भरभर वाचलं! आणि आपला भाऊ प्रवचनात झोपला होता, त्याला म्हणावं कॅमेरा समोरच आहे.’ बारा हजार किलोमीटरवरून असलं पाळत ठेवणं सरकारलाही जमायचं नाही.

मे महिन्यात आळीआळीच्या क्रुसाजवळ संध्याकाळी जपमाळ आणि लिटनी असते. या कार्यक्रमाचा कणा चणे. आदल्या रात्री कुणाच्या तरी अंगणात मोठ्या टोपात काबुली नव्हे, गावठी काळे चणे भिजत पडतात. दुपारी तीन दगडांच्या चुलीवर टोप चढतो. मीठ, हळद, उतरवताना खोबऱ्याचे बारीक काप. कुणी कधी फोडणी देऊन बघितली, तर आज्यांनी ती फोडणी चार वर्षं बोलून दाखवली. साडेसहाला क्रुसाला अबोली-मोगऱ्याचे हार चढतात, मेणबत्त्या लागतात, वाऱ्यानं विझतात, पुन्हा लागतात. आळीतली एक बाई जपमाळ सांगते. तिचा आवाज असा, की पलीकडच्या आळीची वेगळी जपमाळ तिच्यापुढे गप्प होते. पहिला दहाचा मणी सावकाश जातो. दुसरा बरा. तिसऱ्याच्या सुमारास टोपावरचं झाकण कुणीतरी सरकवतं, वाफ निघते, आणि प्रार्थनेचा वेग एकदम दीडपट होतो. लिटनीला पोहोचेपर्यंत सांगणारीचं नाव पुरं होण्याआधीच पोरांचा प्रतिसाद येतो. स्वर्गातल्या अर्ध्या संतांची त्या संध्याकाळी नुसती हजेरी लागते.

मग वाटप. कागदाच्या पुडीत एक वाटी चणे. वाटणाऱ्याचा हात कुणासाठी सैल सुटतो आणि कुणासाठी आवळतो यावर आळीचं राजकारण आरपार वाचता येतं. पूर्वी हेच चणे लुगड्याच्या ओच्यात घेत, नेमके किती घेतले ते दिसत नसे. तो काळ बरा होता असं म्हणणारे आहेत. एका पोराला दोनदा रांगेत बघितलं तर त्याला ओरडत नाहीत. तिसऱ्यांदा आला तर विचारतात, ‘आज घरी आई नाही का रे?’ आणि ती खरंच घरी नसते, माहेरी गेलेली असते, का गेली तेही मग निघतं. पोराला चौथी पुडी मिळते आणि रात्री त्याच्या बापाकडे आळीतले दोघे म्हातारे सहज म्हणून गप्पा मारायला जाऊन बसतात. समुपदेशनाची वेगळी सोय आमच्या धर्मग्रामात अद्याप झालेली नाही.

उपवासकाळाबद्दल फार बोलत नाही, कारण तिथे आमची बाजू लंगडी आहे. चर्चचा कायदा सांगतो, की राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार हे दोन दिवस अठरा ते एकोणसाठ वयाच्या माणसानं उपवास धरावा. आणि त्या दिवशी आणि उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य. मासा चालतो. हा नियम करताना कुणीही अर्नाळ्याचा बाजार बघितला नव्हता हे उघड आहे. पाच-सहा शुक्रवार आमची माणसं ब्रॉयलर कोंबडीचा कठोर त्याग करून पापलेटावर आणि सुरमईवर दिवस काढतात. वयाचं म्हणाल तर ज्यांना साठी उलटल्यानं सूट आहे ते आजोबा पाण्याच्या घोटावर राहतात, आणि ज्यांनी धरायचा त्यांना नेमकी त्याच दोन दिवशी ॲसिडिटी होते.

नाताळातली गोठ्यांची स्पर्धा मात्र सविस्तर सांगण्याजोगी. आसिसीच्या संत फ्रान्सिसनं १२२३ साली ग्रेचो नावाच्या इटालियन खेड्यात पहिला गोठा मांडला, त्यात खरा बैल आणि खरं गाढव होतं असं सांगतात. त्या भल्या माणसानं परीक्षक नेमले नव्हते. आमच्याकडे दर आळीचा गोठा असतो, त्याला वर्गणी असते, त्याची गुप्तता असते आणि दुसऱ्या आळीचे हेर असतात. नोव्हेंबरपासून रात्री अकरानंतर ताडपत्रीमागे हातोडीचे आवाज. पूर्वी सगळा डोलारा थर्माकोलचा. २०१८ साली राज्य सरकारनं सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आणली तेव्हा आमच्या पोरांना प्रथमच कळलं, की गोठा गवताचा असतो. आता पेंढा, सुंभ, पोफळीच्या झापा, गोणपाट. बैल सगळ्यांकडून गेलेत, गाढव कधीच नव्हतं, त्यामुळे एका आळीनं खरी म्हैस बांधली. मुंबईला पिढ्यान्‌पिढ्या दूध घालणाऱ्या आळीनं ते करणं रास्तच होतं. म्हशीनं पहिल्या रात्रीच गोठ्याचं छप्पर खाल्लं.

दुसरी अडचण सामाजिक संदेशाची. गुण त्याला जास्त. म्हणून बाळ येशूभोवती जंगलतोड, मोबाइलचं व्यसन, पाणीटंचाई, टँकर, बुलडोझर असं सगळं उभं राहतं, आणि परीक्षकांना खुद्द बाळ शोधावं लागतं. मेरी-जोसेफ एका कोपऱ्यात, त्यांना बेथलेहेममध्ये जागा मिळाली नव्हती तशी इथेही नसते. एका वर्षी बेथलेहेमातून चालती विरार लोकल काढली होती. ती दर वेळी वेळेवर येत होती, त्यावरून देखावा काल्पनिक आहे हे परीक्षकांनी ताबडतोब ओळखलं. निकालानंतर जानेवारीच्या मध्यापर्यंत दोन आळ्या एकमेकांशी बोलत नाहीत. बोलू लागतात ते कुणाच्या तरी लग्नात, बँडसमोर नाचताना, इंद्याल आणि फुगे पोटात गेल्यावर.

देवळाच्या सणाचं गणित तर बँकेला समजणार नाही. आमच्या सणाला आजूबाजूच्या गावांतले पाहुणे जेवायला येतात, त्यांच्या सणाला आम्ही जातो. कुणाकडे कोण कितीजण आले, मटण होतं की डुकराचं, परत जाताना डबा दिला की नाही, हा सगळा हिशेब बायकांच्या डोक्यात असतो आणि तो कधीच शून्यावर येऊ दिला जात नाही. येणं बाकी नसेल तर माणूस जाईल कशाला? सणाआधी नऊ दिवस नोव्हेना, रोज नवा प्रवचनकार. घरी परतताना प्रत्येकाला मार्क मिळतात. ‘कालचे बरे होते. आजच्यांना आवाज आहे, माल नाही.’

दोन नोव्हेंबरचा दिवस मृतांचा. संध्याकाळी स्मशानात एकूण एक कबर फुलांनी आणि मेणबत्त्यांनी झाकलेली असते, आणि आमची माणसं फुलांचीच शेती करणारी. सोनचाफा, कागडा, जास्वंदीच्या कळ्या भल्या पहाटे दादरच्या बाजारात जातात. २०२४ साली दिवाळीचा पाडवा नेमका दोन नोव्हेंबरला आला. फुलाला सोन्याचा भाव. पहाटे तीनला वाडीत बॅटरी घेऊन उभ्या असलेल्या एका शेतकऱ्याचा पेच मी ऐकलाय: टोपली दादरला लावावी की बापाच्या कबरीवर? त्यानं मधला मार्ग काढला. फूल दादरला, त्या पैशातली मिस्सा बापाच्या नावे, आणि कबरीवर घरच्या झेंडूचे दोन हार. ‘बाबा असता तर त्यानं मिस्साही पुढच्या वर्षी सांगितली असती,’ असं वर म्हणाला. कबरीसमोर उभ्या राहिलेल्या आळीनं हार मोजले. कुणी काही बोललं नाही, कारण ज्यांच्याकडे वाडी होती त्या सगळ्यांच्या कबरींवर त्या वर्षी झेंडूच होता.

कुणी वारलं की मोठी घंटा संथ पडते. घंटांवरून आठवलं. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा इथल्या देवळांतल्या घंटा विजयाची खूण म्हणून निघाल्या आणि महाराष्ट्रभरच्या मंदिरांत जाऊन टांगल्या गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यांतलीच, भीमाशंकरालाही एक आहे. गावची सहल नाशिकला गेली की आमचे म्हातारे ती घंटा, सासरी दिलेल्या मुलीकडे बघावं तशी, खालीवर निरखतात आणि ‘बरी नांदतेय’ म्हणून परततात.

तर गावची घंटा पडते. आता ती पडायच्या आधीच व्हॉट्सॲपवर बातमी आलेली असते, तरी घंटा ऐकल्याशिवाय माणूस गेला असं कुणी मानत नाही. पहिला ठोका, आणि हातातलं काम जिथल्या तिथे. अर्ध्या तासात त्या घरापुढे ताडपत्री बांधलेली असते. कुणी बोलावलेलं नसतं. शेजारची चूल पेजेची होते, पलीकडची चहाची. त्या घरात आज विस्तव पेटवायचा नाही हे सांगावं लागत नाही. लग्नात नाचायला लावणारा क्लॅरिनेटवाला काळा कोट घालून येतो आणि तेच वाद्य वेगळ्या आवाजात बोलतं. ज्यानं पंचवीस खुर्च्या ठेवून घेतल्या होत्या तोच टेम्पोत घालून त्या आणतो, स्वतः उतरवतो, स्वतः मांडतो. त्याही वेळी चौकशी चालूच असते. आजार काय होता, मुलगा मस्कतहून कधी पोहोचतोय, विमानतळावर कोण जाणार, दवाखान्याचं बिल किती राहिलं. हा शेवटचा प्रश्न विचारणारे दोघे-तिघे बाजूला जाऊन कुजबुजतात, आणि संध्याकाळपर्यंत बिल राहिलेलं नसतं. ही सूचना देवळात कधी वाचली जात नाही.

धर्मग्रामाच्या परिषदेबद्दल दोन शब्द. चर्चच्या कायद्यानुसार या परिषदेला सल्ला देण्याचा अधिकार आहे, निर्णय घेण्याचा नाही. सभासद हे मनाला लावून घेत नाहीत. निर्णय घ्यायचा नाही म्हटल्यावर चर्चेला कालमर्यादा राहत नाही. देवळात नवे पंखे भिंतीवर लावायचे की छताला, हा विषय दोन उन्हाळे चालला. कुणी घाई केली तर एक ज्येष्ठ सभासद संत गोन्सालो गार्सियांचा दाखला देतात. वसईचे सुपुत्र, १५९७ साली नागासाकीला क्रुसावर प्राण दिला, आणि संतपद जाहीर झालं १८६२ साली. ‘दोनशे पासष्ट वर्षं. त्यांनी नाही घाई केली, आपल्याला पंख्यांची कसली?’

आणि मग उन्हाळ्याच्या शेवटी बदल्यांची यादी येते. फादरांचं पाच-सहा वर्षांचं बस्तान मोडतं. एक फादर बांधकामवाले असतात, ते गेल्यावर येतात ते बागवाले. नव्या हॉलभोवती जास्वंदी लागतात. त्यांच्यानंतर गाणारे येतात आणि गायकवृंदात दोन तट पडतात. जाणाऱ्या फादरांना निरोप द्यायला अख्खा धर्मग्राम रडतो, अगदी ज्यांनी वर तक्रारअर्ज पाठवला होता तेही. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्राची भाषा अशी, की स्वतः फादर मान वर करून बघतात, की हे कुणाबद्दल चाललंय. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हापासून आमच्या मानपत्रांतला एकही परिच्छेद रूपकावाचून संपलेला नाही.

नवे फादर आले त्या रविवारी म्हणाले, ‘मला तुम्हाला समजून घ्यायला थोडा वेळ द्या.’ गावाला तेवढा वेळ लागत नाही. यादी लागली त्याच रात्री त्यांच्या आधीच्या धर्मग्रामात दिलेल्या मुली, आत्या आणि साडू यांना फोन गेले होते. तिकडून सविस्तर अहवाल आला: माणूस सरळ, प्रवचन सतरा मिनिटं, हिशेबाला कडक, फुटबॉल आवडतो, म्हशीचं दूध सोसत नाही, आई गेल्या वर्षी गेली तेव्हापासून जरा गप्प असतात, त्यांना सणासुदीला एकटं जेवू देऊ नका.

पहिल्याच आठवड्यात फादर आळीत घरभेटीला निघाले. शेजारच्या काकींकडे आधी गेले. काकींनी पाट नव्हे, खुर्ची दिली, पंखा लावला, आणि न विचारता चहाचा कप पुढे केला.

‘घ्या फादर. गाईच्या दुधाचा आहे. साखर घातली नाही.’

फादर कप हातात धरून बघतच राहिले. ‘माझी शुगर आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?’

‘कुणी नाही हो. आपलं चेहऱ्यावरून वाटलं,’ काकी म्हणाल्या, आणि तेवढ्यात आतल्या खोलीत कॅनडाचा फोन वाजला.